ऑपरेशनच्या तारखेआधी

गाठ कर्करोगाची निघाली की घरात एकच घाई सुटते: उद्याच काढून टाका! पण सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्तनाच्या कर्करोगात दोन-तीन आठवड्यांनी सहसा काही बिघडत नाही. तपासण्यांना तेवढा अवधी हवाच. बायोप्सीच्या अहवालातल्या ईआर, पीआर आणि हर-टू या नोंदींवरून काहींना आधी केमोथेरपी देतात. संपूर्ण स्तन काढावाच लागतो, ही भीती अजून फार खोल आहे. फक्त गाठ काढून रेडिएशन घेणाऱ्या बायकाही तेवढ्याच जगतात, हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, २० वर्षांच्या पाठपुराव्याच्या दोन अभ्यासांनी दाखवलं.

टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने ११ केंद्रांत १,६०० स्त्रियांना घेऊन झालेला अभ्यास (२०२३) मला विशेष मोलाचा वाटतो. गाठ काढण्याआधी काही मिनिटं तिच्याभोवती लिग्नोकेन हे भुलीचं स्वस्त औषध टोचलं, तर पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. सर्जनना याबद्दल जरूर विचारा.

झोप उडाली असेल, रडू आवरत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, काढे, आयुर्वेदिक औषधं चालू असतील तर लपवू नका.