सोमवारी बीकेसी, रविवारी दानपेटी

ऑफिसात मी क्रेडिट ॲनालिस्ट. बीकेसीतल्या एसीत बसून कोटींच्या कर्जप्रस्तावांवर शेरे मारतो. रविवारी मात्र वसईत मिस्सा आटोपली की चर्चच्या ऑफिसात दहा-दहाच्या चुरगळलेल्या नोटा सरळ करत बसतो. सोबत दोघं तरी असतातच. एकट्यानं पेटी उघडायची नाही, हा माझाच नियम! (फादर हसले होते.)

कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेनुसार प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असावीच लागते, कलम 537. फादरनी मला तिच्यात ओढलं तेव्हा वाटलं, एक एक्सेल शीट केली की काम फत्ते. कसलं काय! पहिल्याच ताळेबंदात दिसलं, गरिबांसाठी आलेले पैसे सणाच्या रंगरंगोटीत गेलेत. चोरी नव्हती हो, नुसती 'ॲडजस्टमेंट'. पण ज्या कारणासाठी दान दिलं त्याच कारणासाठी ते वापरायचं, असं कलम 1267 बजावतं.

वही सांभाळणारे अंकल मला लहानपणापासून ओळखतात. त्यांना सांगायचं कसं? कंपन्यांच्या सीएफओंना खोचक प्रश्न विचारताना माझी जीभ अडखळत नाही, इथे घसा कोरडा! शेवटी समितीत बोललो. अंकल दोन रविवार माझ्याशी बोललेच नाहीत.

पैसे तीन महिन्यांत परत वळते केले. आता दोन्ही निधींची खाती वेगळी. 31 मार्चला ऑफिसातही क्लोजिंग, इथेही. गेल्या खेपेला रात्री अंकलच व्हाउचरांचा गठ्ठा आणि डब्यात सुकेळी घेऊन आले. म्हणाले, "बाळा, जुळतंय का बघ."