पाय गारठतात ते आपल्याच घामाने

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात फेझंट पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी सुरू होतो आणि ३१ जानेवारीला संपतो. ऑक्टोबरात साध्या चामडी बुटांवर भागतं. डिसेंबर लागला की पारा शून्याखाली दहा-पंधरा अंशांवर उतरतो, कधी वीसच्याही खाली जातो. मोकळी गवताळ रानं बर्फाखाली दबतात आणि पक्षी आसऱ्यासाठी पाणथळीतल्या पाणकणसाच्या दाटीत शिरतात. शिकाऱ्याला आणि त्याच्या कुत्र्यालाही मग तिथेच घुसावं लागतं. माणशी दिवसाला तीन नर एवढीच मुभा, मादीवर बार टाकायचा नाही. तेवढ्यासाठी दिवसभर बर्फ तुडवत हिंडायची तयारी लागते.

ही शिकार चालत करायची असते, आणि बूट घेताना नेमकं तेच विसरलं जातं. हरणासाठी झाडावरच्या मचाणावर तासन्‌तास निश्चल बसणारा शिकारी आणि हा दिवसभर चालणारा, दोघांनाही दुकानदार एकाच फळीवरचे बूट काढून दाखवतो. दोघांच्या पायांची गरज मात्र अगदी उलटी आहे.

‘जितके ग्रॅम जास्त, तितका बूट चांगला’ हा यातला सगळ्यात पक्का बसलेला समज. बुटाच्या खोक्यावर २००, ४००, ८००, १००० असे आकडे छापलेले असतात. बुटात तेवढ्या वजनाचं अस्तर भरलंय, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो आकडा अस्तराच्या एक चौरस मीटर तुकड्याचं वजन सांगतो. एकाच कंपनीच्या एकाच प्रकारच्या अस्तरात, समजा थ्री-एमच्या थिन्सुलेटमध्ये, ४०० पेक्षा ८०० जाड, एवढंच त्यावरून कळतं. दोन वेगळ्या जातींच्या अस्तरांची तुलना त्या आकड्याने होत नाही. ‘उणे ४० अंशांपर्यंत चालेल’ या चिठ्ठीवर तर मी मुळीच भिस्त ठेवणार नाही. कोणाच्या पायात, किती वेळ, चालताना की बसून, हे ती चिठ्ठी सांगतच नाही.

चालणाऱ्याचे पाय स्वतःच ऊब तयार करतात. खोल बर्फात चढउतार करताना ती इतकी होते, की हजार ग्रॅमच्या बुटात अर्ध्या तासात मोजे ओले होतात. तळहात आणि तळपायांवर घामाच्या ग्रंथी शरीरात सगळ्यात दाट असतात. पाणी हवेच्या जवळजवळ पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. त्यामुळे चालणं चालू आहे तोवर सगळं ठीक असतं. कुत्रं एका जागी खिळून उभं राहिलं, सोबत्यांची वाट पाहत दहा मिनिटं थांबावं लागलं, की तीच ओल पायातली ऊब ओढून घेते. पाय गारठले म्हणून माणूस पुढच्या वर्षी आणखी जाड बूट घेतो. त्यात आणखी घाम येतो.

याचा फार महागडा धडा अमेरिकी सैन्याने १९५० मध्ये घेतला. कोरियाच्या युद्धात, चोसिन जलाशयाच्या परिसरात, नोव्हेंबर-डिसेंबरच्या कडाक्यात सैनिकांच्या पायात ‘शूपॅक’ नावाचे बूट होते: खाली रबर, वर चामडं, आत नमद्याची सोल. डोंगर चढताना पाय घामाने भिजत. मुक्कामाला थांबलं की तो घाम बुटातच गोठे. हिमदंशाने हजारो सैनिक निकामी झाले. त्यानंतर रबराच्या दोन थरांमध्ये अस्तर हवाबंद करून टाकलेले बूट सैन्यात आले. सैनिक त्यांना ‘मिकी माउस बूट’ म्हणत. त्यात घाम अस्तरापर्यंत पोहोचतच नाही, म्हणून पाय ओला असूनही ऊब टिकते. पण ते जड, बोजड, आणि पायाची कातडी दिवसभर घामात भिजून पांढरी पडते. पहाऱ्यावर उभं राहायला उत्तम, पक्ष्यांमागे हिंडायला नाही.

गंमत म्हणजे शूपॅकमधली रबर-चामड्याची जोडणी लोकप्रिय झाली ती चालणाऱ्या शिकाऱ्यासाठीच. मेन राज्यातल्या लिऑन लिओनवुड बीन या गृहस्थाने ओल्या पायांना कंटाळून रबरी तळाला हलकं चामडं शिवून घेतलं आणि १९१२ च्या सुमारास ते बूट टपालाने विकायला काढले. पहिल्या १०० जोड्यांपैकी ९० परत आल्या, कारण शिवण उसवली. त्याने सगळ्यांचे पैसे परत केले, रबर सुधारलं, आणि पुढे ‘एल. एल. बीन’ हे नाव जगभर झालं. त्या बुटाची खरी खुबी हलकेपणा होती.

हलकेपणाचं महत्त्व शास्त्रज्ञांनीही मोजलेलं आहे. पायावरचं एक किलो वजन वाहायला पाठीवरच्या एक किलोच्या चार ते सहापट ताकद खर्च होते. म्हणजे दोन्ही पायांत मिळून अर्धा किलो जास्तीचं अस्तर हे पाठपिशवीत दोन-तीन किलो घातल्यासारखं. जास्त ताकद म्हणजे जास्त घाम, हे ओघाने आलंच. माझं मत विचाराल तर शून्याखाली दहा अंशांपर्यंत चालणाऱ्याला २०० ग्रॅम पुरे, त्याखाली ४००. हजार ग्रॅमचे बूट मचाणवाल्यांसाठी सोडून द्यावेत.

‘वॉटरप्रूफ बूट घेतला की पाय कोरडा’ हे अर्धसत्य आहे. आजच्या बहुतेक चांगल्या बुटांत गोर-टेक्ससारखा पातळ पडदा असतो. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉन झटक्यात ताणलं, आणि त्यातून ही सूक्ष्म छिद्रांची जाळी मिळाली. पाण्याचा थेंब तिच्यातून आत येत नाही, वाफ मात्र बाहेर जाते. पण कडाक्याच्या थंडीत घामाची वाफ बाहेर पडण्याआधीच बुटाच्या गार थरात थिजते. वरचं चामडं पाण्याने जड झालं असेल तर तिची वाट आणखी अडते. संध्याकाळी आतली सोल उचलून पाहा: टाचेखाली आणि चवड्याखाली तिच्या पाठीला पांढऱ्या हिमकणांचा पातळ थर धरलेला दिसतो. बाहेरचं पाणी आत आलेलं नसतं, तो दिवसभराचा घाम असतो.

बाहेरची ओल येते ती बहुधा वरच्या तोंडातून. बर्फ बुटात शिरतो, वितळतो. त्यावर इलाज म्हणजे गेटर, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बांधायचं कापडी आवरण. किंमत बुटाच्या मानाने किरकोळ, उपयोग मोठा. आणि पाणकणसाच्या दाटीतला बर्फ भरवशाचा नसतो. वर साचलेलं हिम पांघरुणाचं काम करतं, त्यामुळे खालचं पाणी पुरतं गोठत नाही. पाय मांडीपर्यंत आत गेला, की वॉटरप्रूफ बूट ते पाणी इमानेइतबारे आतच धरून ठेवतो. अशा वेळी गाडीत ठेवलेली कोरड्या मोज्यांची जोडी कामाला येते.

मोज्यांबद्दलही असंच. ‘दोन जाड मोजे घातले की दुप्पट ऊब’ हे बूट तेवढा सैल असेल तरच खरं. नेहमीच्या मापाच्या बुटात दोन मोजे कोंबले तर पाय आवळला जातो, रक्त बोटांपर्यंत नीट पोहोचत नाही आणि ऊब धरणारी हवाही चेपली जाते. एकच मध्यम जाडीचा मेरिनो लोकरीचा मोजा चांगला. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओल पिऊनही फारशी ओली लागत नाही. सुती मोजे घरी ठेवा.

माप घेताना संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. शिकारीला घालणार तोच मोजा घाला. नाड्या न बांधता पाय पुढे सरकवला, की टाचेमागे एक बोट आत गेलं पाहिजे. मग नाड्या बांधून उतारावर चाला. बोटं पुढे आपटता कामा नयेत, टाच वर उचलली जाता कामा नये.

तळाचं खोल खाचेदार नक्षीकाम पाहून ‘हा बर्फावर घसरणार नाही’ असंही गृहीत धरलं जातं. मऊ बर्फात आणि चिखलात ते धरतं. गुळगुळीत, पाणी सुटलेल्या बर्फावर रबराच्या मिश्रणाला जास्त महत्त्व. टोरांटोतल्या पुनर्वसन संशोधन संस्थेने २०१६ मध्ये हिवाळी बुटांचे ९८ प्रकार बर्फाच्या उतारावर तपासले, तेव्हा नव्वद टक्क्यांहून जास्त नापास झाले. हातात भरलेली बंदूक असताना घसरणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

बोटांशी ठेवायच्या गरम पुड्यांतली लोखंडाची भुकटी हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून तापते. घट्ट बंद बुटात तिला हवाच मिळत नाही, वर जागाही ती अडवते. दारूने पायांना ऊब येत नाही. कातडीतल्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि शरीराची आतली उष्णता निघून जाते. शिवाय बंदुकीबरोबर दारू नकोच. बधिर बोटं बर्फाने चोळायची पद्धत नेपोलियनच्या सैन्यातल्या लारे या शल्यवैद्याच्या काळापासून चालत आली, आणि ती घातक आहे. पुन्हा गोठण्याचा धोका नसेल अशा जागी, ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात बोटं ठेवावीत, आणि डॉक्टर गाठावा.

आणखी एक साधी गोष्ट अनुभवी शिकारी पाळतात. हीटर लावलेल्या गाडीत तासभर बूट घालून बसायचं नाही. गाडी साध्या बुटांत चालवायची, रानात उतरताना बूट बदलायचे, आणि पहिली पंधरा मिनिटं थोडं गार वाटलं तरी चालू लागायचं.

भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आता पक्ष्यांच्या शिकारीला थारा नाही, आणि ते बरंच आहे. पण हिवाळ्यात केदारकंठ्याला जाणारे पुण्या-मुंबईचे ट्रेकर किंवा मिनियापोलिसमध्ये नव्याने राहायला गेलेली मराठी कुटुंबं हेच बूट त्याच समजुतींनी घेतात. किती तास चालणार आणि किती तास उभं राहणार, हे दुकानात शिरण्याआधी ठरवा. बूट भाड्याने घेत असाल तर सोल बाहेर काढा, आत हात घाला, चवड्यापर्यंत चाचपून पाहा. जरा जरी दमट लागलं तर दुसरी जोडी मागून घ्या.