शिळ्या उसाचा चिकटा, लोहकणांचा अंगरखा

तोडलेला ऊस गाळपाला जायला दोन-चार दिवस उशीर झाला, की रसाला चिकटा येऊ लागतो. ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू उसातल्या साखरेपासून डेक्स्ट्रान बनवतात. डेक्स्ट्रान म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबच लांब साखळी. त्याने रस दाट होतो, गाळायला वेळ लागतो, साखरेचे दाणे लांबुडके पडतात. कारखान्यात नकोशा असलेल्या याच पदार्थाने चुंबकीय नॅनोकणांना माणसाच्या रक्तात वाट करून दिली.

हे कण लोहाच्या काळ्या ऑक्साइडचे. लोहाच्या दोन क्षारांच्या द्रावणात अमोनिया घातला की पाहता पाहता काळा साका तयार होतो. कण जेमतेम 10 नॅनोमीटरचे. एवढ्या लहान आकारात त्यांचे चुंबकत्व बाहेरचे चुंबक जवळ असेपर्यंतच टिकते. शरीरात वापरायला हे फार सोयीचे. मात्र उघडे कण रक्तात सोडले तर त्यांच्या गुठळ्या होतात. शिवाय रक्तातली प्रथिने त्यांच्यावर चढतात, आणि या खुणेवरून भक्षक पेशी त्यांना पटकन गिळतात.

हे टाळायला कणांवर डेक्स्ट्रानचे आवरण चढवतात. त्याच्या साखळ्या पाणी धरून ठेवतात. दोन कण जवळ आले की साखळ्यांची दाटी होऊन ते एकमेकांना मागे रेटतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे आवरणही असेच काम करते.

तरीही भक्षक पेशी पुरत्या फसत नाहीत. मला सर्वांत भावते ती या उणिवेचा उपयोग करून घेणारी युक्ती. 1996 साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या 'फेरिडेक्स' या औषधाचे डेक्स्ट्रान-वेष्टित कण यकृतातल्या कुप्फर नावाच्या भक्षक पेशी गिळतात. लोहामुळे आसपासच्या पाण्याचा एमआरआय संदेश मंदावतो, म्हणून निरोगी यकृत काळे दिसते. कर्करोगाच्या गाठीत या पेशी बहुधा नसतात. काळोखात गाठ तेवढी उजळ राहते! पुढे हे औषध बाजारातून गेले, पण कल्पना गेली नाही.

2009 साली 'फेरुमॉक्सिटॉल' हे अशाच लोहकणांचे औषध आले, मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात होणाऱ्या लोहाच्या कमतरतेवर. डेक्स्ट्रानची काहींना तीव्र ॲलर्जी होते, म्हणून इथे त्याच्या साखळीत रासायनिक बदल केला. रक्तातले या औषधाचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे 15 तास लागतात. भक्षक पेशी आवरण सोडवून लोह मोकळे करतात आणि ते हिमोग्लोबिनच्या कामी येते. ॲलर्जीचा धोका मात्र पुरता टळला नाही. 2015 मध्ये अमेरिकेत या औषधावर ठळक चौकटीत इशारा आला. तेव्हापासून ते एकदम न टोचता किमान 15 मिनिटे सलाइनवाटे देतात, आणि पुढचा अर्धा तास रुग्णावर लक्ष ठेवतात.