सरदार सरोवर: कुणी अडवलं, कुणी भरलं

सरदार सरोवराचा विषय निघाला की पहिलं वाक्य बहुधा हेच ऐकू येतं: ‘आंदोलनवाल्यांनी पन्नास वर्षं धरण अडवून ठेवलं.’ ही वर्षं १९६१ पासून मोजलेली असतात. त्या वर्षी ५ एप्रिलला पंडित नेहरूंनी कोनशिला बसवली, हे खरंच आहे. पण तेव्हा कागदावर होतं ते १६२ फुटांचं धरण. पुढे खोसला समितीने पाणीपातळी ५०० फुटांवर नेण्याची शिफारस केली आणि ठिणगी पडली ती तिथे. हरकत घेतली मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन सरकारांनी. आपल्या सरकारने तर १९६५ मध्ये मध्य प्रदेशाशी करार करून नदीच्या वरच्या अंगाला, जलसिंधीला, विजेसाठी वेगळं धरण बांधायचं ठरवलं होतं. सरदार सरोवराच्या उंच धरणाचे सुरुवातीचे विरोधक असे मुंबईच्या सचिवालयात बसले होते!

तंटा मिटेना म्हणून १९६९ मध्ये नर्मदा जलविवाद लवाद नेमला गेला. त्याचा अंतिम निवाडा यायला डिसेंबर १९७९ उजाडला. ही अठरा वर्षं राज्याराज्यांच्या भांडणात गेली. आंदोलनाच्या नेत्या मेधा पाटकर खोऱ्यात आल्या १९८५ मध्ये. आंदोलनाच्या याचिकेमुळे सर्वोच्च न्यायालयाने उंची रोखून धरली ती १९९५ ते १९९९ या काळात, आणि नंतरही ती टप्प्याटप्प्यानेच वाढू दिली. तेव्हा विरोधामुळे उशीर झालाच नाही, असंही कुणी म्हणू नये. फक्त ती स्थगिती धरणाच्या उंचीला होती, कालव्यांना नव्हती. तरी धरणाचं लोकार्पण सप्टेंबर २०१७ मध्ये झालं आणि ३५७ किलोमीटरच्या कच्छ शाखा कालव्याचा उरलेला भाग सुरू व्हायला ऑगस्ट २०२२ लागला. हा उशीर कुणाच्या खाती मांडायचा?

‘बाहेरच्यांनी येऊन लोकांना भडकवलं’ हे दुसरं लाडकं मत. निवाडा येत असतानाच मध्य प्रदेशात निमाड बचाओ आंदोलन उभं राहिलं होतं, तेव्हा हे तथाकथित बाहेरचे अजून पोचलेही नव्हते. महाराष्ट्रात १९८६ मध्ये नर्मदा धरणग्रस्त समिती झाली. तिचे प्रश्न साधे होते: पाणी कुठवर येणार, आमची जमीन किती जाणार, बदली जमीन कुठे देणार? समाधानकारक उत्तरं मिळाली नाहीत, तेव्हा १९८८ मध्ये ‘धरणच नको’ ही भूमिका जाहीर झाली. सगळे त्या वाटेने गेले असंही नाही. गुजरातेत आर्च-वाहिनी या संस्थेने पुनर्वसनासाठी झगडायचं ठरवलं. तिथल्या सरकारने १९८७ च्या अखेरीस भूमिहीनांना आणि वनजमीन कसणाऱ्यांनाही दोन हेक्टर देण्याचं मान्य केलं. निवाड्याने हे बंधन घातलेलं नव्हतं, ते दबावातून आलं.

जागतिक बँक आंदोलनाला घाबरून पळाली, ही गोष्ट दोन्ही बाजूंना सोयीची आहे. बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. टीका वाढली तेव्हा तिनेच ब्रॅडफर्ड मोर्स आणि टॉमस बर्जर यांचा स्वतंत्र आढावा बसवला. जून १९९२ च्या त्या अहवालाने पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत प्रकल्प सदोष ठरवला. तरीही बँकेच्या संचालक मंडळाने मुदत आणि अटी घालून कर्ज चालू ठेवलं. मुदत संपता संपता, ३० मार्च १९९३ ला, उरलेलं कर्ज नको असं भारत सरकारनेच कळवलं.

‘सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, विषय संपला’ असंही म्हटलं जातं. १८ ऑक्टोबर २००० चा निकाल दोन विरुद्ध एक असा होता. न्या. भरुचा यांचं वेगळं मत असं, की पर्यावरण मंजुरीच पुरेशा अभ्यासाविना दिली गेली. बहुमताने धरणाला वाट मोकळी केली, पण पुनर्वसन पुढे सरकेल तसतशीच उंची वाढेल ही अट ठेवली. अट पाळली गेली का, याचं उत्तर पुढच्या घटनांतच आहे. मध्य प्रदेशात जमिनींच्या बनावट खरेदीखतांचा बाजार मांडला गेला आणि चौकशीला न्या. झा आयोग बसवावा लागला. फेब्रुवारी २०१७ मध्ये याच न्यायालयाने जमीन न मिळालेल्या ६८१ कुटुंबांना प्रत्येकी ६० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. विषय संपला असता, तर सतरा वर्षांनी हा आदेश कशाला लागला असता?

आता आंदोलनाच्या बाजूने फिरणारी अर्धसत्यं. ‘खर्च ६,४०६ कोटींवरून ३९,२४० कोटींवर गेला, म्हणजे सहापट!’ पहिला आकडा १९८६-८७ च्या भावांनी काढलेला आहे, दुसरा २००८-०९ च्या. मधल्या महागाईचा वाटा वजा न करता केलेला गुणाकार भाषणात टाळ्या घेतो, हिशोबात टिकत नाही. तसंच ‘कच्छ-सौराष्ट्राला थेंबही मिळाला नाही’ हे. तिथे नळाने नर्मदेचं पाणी पोहोचलं आहे आणि लोकांना त्याचं अप्रूप आहे. खरी तक्रार प्रमाणाची. कच्छच्या नावाने प्रकल्प विकला गेला, पण मूळ आराखड्यातल्या सुमारे १८ लाख हेक्टर सिंचनापैकी कच्छच्या वाट्याला जेमतेम दोन टक्के क्षेत्र होतं.

आणि महाराष्ट्र? ‘आपल्याला फुकट वीज मिळते’ असं समजणारे पुष्कळ आहेत. निवाड्याने विजेचा २७ टक्के वाटा दिला, तो वीजनिर्मितीच्या खर्चातला वाटा उचलण्याच्या बोलीवर. बदल्यात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ आदिवासी गावं बाधित झाली आणि साडेसहा हजार हेक्टरच्या आसपास वनजमीन द्यावी लागली. ‘जमिनीला जमीन’ हे निवाड्यातलं कलम ऐकायला भक्कम वाटतं, पण ते खातेदारासाठी होतं. इथली कितीतरी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन कसत होती ती सरकारदप्तरी वनखात्याची. सातबारा नाही, म्हणून अतिक्रमणदार. पहिलं भांडण मोबदल्याच्या आकड्याचं नव्हतंच, आपण इथे होतो हे कागदावर आणण्याचं होतं.

निवाड्यात महाराष्ट्राला पाणीही आहे, पाव दशलक्ष एकरफूट, म्हणजे १०.८९ टीएमसी. नदी राज्याच्या सीमेवरून ५४ किलोमीटर वाहते, पण ती सातपुड्याच्या पलीकडच्या अंगाने. हे पाणी नंदुरबारच्या शेतांपर्यंत आणायचं तर डोंगर फोडून बोगदे काढून ते तापीच्या खोऱ्यात उतरवावं लागेल. हे बेत वर्षानुवर्षं चर्चेत आहेत, आणि त्यांच्यासाठी आणखी किती वनजमीन जाईल हा प्रश्नही त्यांच्यासोबतच आहे.