टाके पक्के करणे (भरतकाम)

हाताने केलेल्या भरतकामात दोरा संपताना, रंग बदलताना किंवा नक्षी पूर्ण झाल्यावर दोऱ्याचे टोक कापडाच्या उलट बाजूस अडकवून ठेवण्याच्या क्रियेस टाके पक्के करणे असे म्हणतात. सुलट बाजूचे काम कितीही नेटके असले, तरी ते किती धुण्यांना टिकेल हे बऱ्याच अंशी उलट बाजूच्या या टोकांवर अवलंबून असते.

आवश्यकता

शेवटचे टोक सुटल्यास दोऱ्याचा ताण जातो आणि लगतचे टाके एकामागून एक ढिले पडतात. साखळी टाक्यात हा धोका विशेष असतो. त्यातील प्रत्येक कडी पुढील कडीने धरलेली असते. त्यामुळे शेवटची कडी मोकळी राहिल्यास पूर्ण ओळ उसवू शकते. म्हणून या कडीच्या टोकावरून एक आखूड टाका घेऊन दोरा उलट बाजूस नेतात व तेथे पक्का करतात. आरीने केलेल्या साखळीसही हे लागू पडते.

गाठीचे दोष

दोऱ्याला गाठ मारणे सोपे असले, तरी बारीक कामात ती टाळतात. विरळ विणीच्या कापडातून गाठ सुलट बाजूस निसटते, इस्त्रीनंतर तिचा उंचवटा दिसतो आणि झबल्यासारख्या कपड्यात ती बाळाच्या अंगाला टोचते. जाड कापडावर किंवा अस्तर लावायच्या वस्तूंवर मात्र गाठ चालू शकते.

पद्धती

सुईत सुमारे ८ ते १० सेंटिमीटर दोरा उरला असतानाच तो पक्का करण्यास घेतात.

ओवून घेणे: सुई उलट बाजूच्या टाक्यांखालून, कापडात न टोचता, २ ते ३ सेंटिमीटर नेतात. मग शेवटचा टाका वगळून दोरा उलट दिशेने परत ओवतात व उरलेले टोक कापतात. टोक शक्यतो त्याच रंगाच्या टाक्यांत ओवतात. गडद दोरा फिक्या टाक्यांमागे नेल्यास त्याची छटा पुढे दिसते.

बारीक टीप: मागे ओवण्याजोगे टाके नसल्यास, नक्षीने झाकल्या जाणाऱ्या जागी कापडाचे एक-दोन धागे उचलून दोन-तीन बारीक उलट टाके घेतात. सुट्या फ्रेंच गाठीसाठी हे टाके तिच्या अगदी खाली घेतात.

तात्पुरती गाठ: ही आरंभीच्या टोकासाठी वापरतात. नक्षीच्या रेषेवर थोड्या अंतरावर, सुलट बाजूस गाठ ठेवून तिच्या दिशेने भरत जातात. मागचा दोरा टाक्यांखाली दबला की गाठ कापून टाकतात.

रेशीम व रेयॉनचे दोरे गुळगुळीत असल्याने ते अधिक लांब ओवावे लागतात. मलमलीसारख्या पारदर्शक कापडावर एका बुट्टीचा दोरा दुसऱ्या बुट्टीपर्यंत ओढून न नेता प्रत्येक बुट्टी स्वतंत्रपणे पक्की करतात.

दुहेरी बाजूंचे भरतकाम

कर्नाटकातील कसुतीमध्ये, जी परंपरेने इरकली साड्यांवरही भरली जाते, गवंती व मुरगी हे टाके दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात. हिमाचल प्रदेशातील चंबा रुमालावरील दोरुखा टाक्याचेही तसेच आहे. अशा कामास उलट बाजूच नसल्याने गाठीला जागा उरत नाही. टोके टाक्यांच्याच ओळीत किंवा भरावात दडवावी लागतात.