बॉम्बेची गोगलगाय

अमावास्येनंतरची पहाट, कार्टर रोडचा खडकाळ किनारा. समुद्री गोगलगाय शोधायची तर फार चालायचं नाही, हे पहिल्याच खेपेला कळलं. एका डबक्यापाशी उकिडवं बसायचं आणि नजर स्थिरावेपर्यंत थांबायचं. दगड उचललाच तर होता तसाच परत ठेवायचा. त्याच्या पोटाला चिकटलेले स्पंज उन्हात मरतात, आणि कित्येक गोगलगायी स्पंजांवरच जगतात.

शेजारी कालवं काढणाऱ्या मावशींनी विचारलं, "काय हरवलं का गो?"

"नाही मावशी, गोगलगाय बघतेय. बिनशंखाची."

"मग खायची तरी काय?" म्हणत त्या पुन्हा कामाला लागल्या.

आधी दिसली ती अंडी. दगडाच्या बुडाशी जिलबीसारखी गुंडाळलेली पांढरी फीत. आई जवळपासच असणार. आई म्हणणंही तसं चूकच; हे जीव उभयलिंगी, जोडीतले दोघंही अंडी घालतात. वीतभर अंतरावर ती सापडली. नखाएवढी, पाण्याबाहेर नुसता शेंबडाचा गोळा. ओंजळभर पाणी सोडलं, तशी उलगडली. फिकट अंगावर जांभळे ठिपके, पुढे वास घेणारी दोन शिंगं, पाठीवर मागे कल्ल्यांचं फूल. माझं बोट लागलं मात्र, फूल अंगात मिटलं. शंख असतो तो अंड्यातून निघालेल्या पिल्लाला. मोठं होताना तो गळतो. पुढे अनेक जाती स्पंजातलं विष अंगात साठवतात, आणि भडक रंग म्हणजे माशांना इशारा.

ही नेमकी कोणती, ते फोटो पाहून जाणकार ठरवतील. माझ्या मनात एकच नाव होतं. 1946 साली रोनल्ड विंकवर्थ यांनी मुंबईतल्या एका जातीला 'ग्लोसोडोरिस बॉम्बेयाना' म्हटलं. 1995मध्ये शहराचं बॉम्बे गेलं, गोगलगायीचं राहिलं. शास्त्रीय नाव असं बदलता येत नाही. बदलली ती प्रजाती. आता ती 'गोनिओब्रँकस'मध्ये मोडते, आणि हा शब्द पुल्लिंगी म्हणून 'बॉम्बेयाना'चं 'बॉम्बेयानस' झालं. एकाच वेळी नर आणि मादी असलेल्या जिवाला व्याकरणानं बाईचा बुवा केला!

पाणी घोट्याला लागलं. मावशी केव्हाच निघून गेल्या होत्या. मी दगड जागेवर ठेवला. फीत खालच्या अंगाला आलीय ना, ते वाकून दोनदा पाहिलं.