नेमाडे यांच्या कादंबऱ्या : माझा क्रम

भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ ते २०१० या काळात सहा कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. त्यांतला उपहास हसवतो, पण हसू फार वेळ टिकू देत नाही. कादंबऱ्यांना परीक्षेसारखे क्रमांक लावणे कुणाला पोरकटपणाचे वाटेल. परंतु क्रम लावू लागलो की आपली कसोटी आपल्यालाच कळते. माझी कसोटी एकच आहे : दुसऱ्याला हसणारा नायक स्वतः त्या हसण्यातून सुटतो की सापडतो?

पहिला क्रमांक अर्थातच ‘कोसला’चा (१९६३). सांगवीचा पांडुरंग पुण्याला शिकायला येतो, नसत्या उचापतींत वडिलांचा पैसा घालवतो आणि हात हलवत गावी परततो. ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ म्हणत तो सगळ्यांची टर उडवतो. सर्वांत जास्त स्वतःची. मग धाकटी बहीण मनी देवीने जाते आणि त्याच थट्टेखोर भाषेतून आक्रोश ऐकू येतो. आमच्या घरातून कॉलेजात आलेली पहिली मीच. पहिल्या वाचनात मी पोटभर हसले; दुसऱ्या वाचनात फीचे पैसे दोनदा मोजून देणारे वडील आठवले आणि हसू थांबले. मनी मोठी झाली असती, तर तिच्या शिक्षणावर कुणी असा पैसा घातला असता का, हा प्रश्नही मनात राहिला.

दुसरी ‘झूल’ (१९७९). त्यानंतर जोडीने ‘हूल’ (१९७५) आणि ‘जरीला’ (१९७७). इंग्रजीचा प्राध्यापक चांगदेव पाटील गावोगावची कॉलेजे बदलतो. संस्थाचालकांचे राजकारण, जातींचे गट, शिक्षणाचा पोकळ डोलारा हे सारे त्याला दिसते. ‘झूल’ वरचढ, कारण तिथे तो नवखा राहिलेला नाही. ज्या व्यवस्थेला हसतो तिचाच पगार घेतो. गुरुजनांनी राग न मानता ती वाचावी.

पाचवी ‘बिढार’ (१९७५). मुंबईतील होतकरू लेखक व नियतकालिके यांच्यावरचा तिचा उपहास झोंबरा आहे, पण त्या वर्तुळाबाहेरच्या वाचकाला सगळे संदर्भ लागत नाहीत.

सहावी ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ (२०१०). मोहेंजोदडोच्या उत्खननात रमलेला खंडेराव वडिलांच्या अखेरच्या आजारात मोरगावला निघतो. पसारा प्रचंड, माणसे अविस्मरणीय. पण खंडेरावाजवळ प्रत्येक गोष्टीचे उत्तर तयार असते. पांडुरंगाजवळ एकही नव्हते. म्हणूनच तो मला जवळचा वाटतो.

अर्थात, सहावी म्हणजे नापास नव्हे. २०१४ चे ज्ञानपीठ मिळालेल्या लेखकाला द्वितीय वर्षाच्या विद्यार्थिनीने गुण देऊ नयेत, हे मला मान्य आहे. मी क्रम लावला तो माझ्या हसण्याचा.